बिनपंख्याचा प्रोसेसर

येत्या शनिवारी दुपारनंतर या घरात टाचणी पडली तरी ती कुठल्या खोलीत पडली हे सांगता येईल, असं चष्मेवाल्याने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. बायकोने हातातला पेला खाली ठेवला आणि सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हणाले हे?"

बोळातल्या कपाटात कॉम्प्युटर घरघरत होता, त्यामुळे त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

चष्मेवाल्याचं चौकाच्या कोपऱ्यावर दुकान होतं. गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर भिंगांची जड चौकट चढवायची, समोरच्या अक्षरांकडे बघायला लावायचं आणि भिंगं बदलत विचारत राहायचं, "हे बरं की हे? आणि आता? हे की हे?" दिवसभर दुसऱ्यांना निवड करायला लावणाऱ्या या माणसावर स्वतः काही निवडायची वेळ आली की त्याच्या हातापायाला घाम फुटायचा. घरात नवा टॉवेल आणायचा तर तो आधी टॉवेल या विषयावर वाचन करायचा. तेवढ्यात जुना टॉवेल पायपुसण्याच्या पदाला पोचलेला असायचा.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मधोमध बोळ, बोळात भिंतीतलं कपाट. कपाटाच्या एका बाजूला सासऱ्यांची खोली आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची. त्या अडगळीच्या खोलीला चारही बाजूंनी जुन्या रजया ठोकून बायकोने आपली रेकॉर्डिंगची खोली केली होती, कारण तिचं पोट आवाजावर होतं.

शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये ती बोलायची. "दार बंद होत आहे. कृपया दारापासून दूर राहा. पहिला मजला." एकदा ती एका लिफ्टमध्ये शिरली आणि बटणाजवळच्या माणसाला सहज "तिसरा मजला" म्हणाली, तर तो माणूस लिफ्ट हलायच्या आत घाईघाईने बाहेर पडला. अशी कित्येक वर्षं दारं उघडण्यात आणि मिटण्यात गेल्यावर तिला पहिल्यांदाच एका स्टुडिओने अख्खी कादंबरी वाचायला दिली होती. एका बेटावरच्या दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी, तिचं आयुष्य, वादळं, माणसं. उशीएवढं जाड पुस्तक. ती ते उशीशी घेऊनच झोपायची.

पहिली तीन प्रकरणं तिने मोठ्या हौसेने पाठवली. स्टुडिओत ध्वनिमुद्रण बघणाऱ्या बाईंचा फोन आला.

"तुमच्या पहिल्या प्रकरणात एक मधमाशी आहे," बाई म्हणाल्या.

"मधमाशी? पुस्तकात तर कुठे नाही."

"पुस्तकात नाही, मागे आहे. सारखी गुणगुणतेय. दुसऱ्यातही आहे. तिसऱ्यात बहुतेक तिने नातेवाईक बोलावलेत." मग बाईंचा सूर जरा मऊ झाला. "हे बघा, तुमचा आवाज मला आवडलाय. पण महिनाअखेरपर्यंत स्वच्छ प्रकरणं आली नाहीत, तर मला पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

मधमाशी म्हणजे कपाटातला कॉम्प्युटर. तो चष्मेवाल्याच्या मेव्हण्याच्या ऑफिसने टाकून दिलेला, कमरेएवढ्या उंचीचा सर्व्हर होता. घरातले सगळे सिनेमे, गाणी, फोटो आणि बायकोची रेकॉर्डिंगं त्याच्या पोटात असायची. टीव्हीवर काहीही लावलं तरी ते तिथून यायचं. त्याचा प्रोसेसर, म्हणजे मेंदू म्हणा, इतका दांडगा होता की हजार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला रोज दोन कप चहा करायला ठेवावं, तसा प्रकार होता. चहा दोन कपच व्हायचा, पण चूल हजार माणसांची पेटायची. ती उष्णता बाहेर फेकायला चार पंखे होते. बायको त्या पेटाऱ्याला गिरणी म्हणायची. सासरे त्याला इंजिन म्हणायचे, आणि फार प्रेमाने म्हणायचे. ते मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आले, तेव्हा पाच खोल्या बघून त्यांनी कपाटाच्या भिंतीला लागून असलेलीच खोली मागून घेतली. तेव्हा कुणी का म्हणून विचारलं नाही. चुकलं तिथेच.

"दुपारपुरता बंद ठेवू या का?" बायकोने विचारलं होतं. दुपारी सासरे झोपायचे, घर शांत असायचं, तेव्हाच ती वाचायला बसायची.

चष्मेवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने दुपारपुरतं हृदय बंद ठेवायला सांगितलंय. "अगं, तो सर्व्हर आहे. सर्व्हर बंद करायचा नसतो. आणि तुझं रेकॉर्डिंग साठतं कुठे? त्याच्यातच ना? त्यापेक्षा त्याचा मेंदूच बदलतो. कमी वॅट खाणारा आणतो. कमी वॅट म्हणजे कमी उष्णता, म्हणजे पंखा नको, म्हणजे आवाज नाही. सोपं आहे."

सोपं आहे म्हटल्यावर त्याने वाचायला सुरुवात केली.

त्याने भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं एक छोटं मीटर आणलं. कुठलं यंत्र किती वीज खातं, हे ते दाखवायचं. आधी गिरणी मोजली. मग हात मोकळाच होता म्हणून फ्रीज, टीव्ही, इस्त्री, सासऱ्यांची दाढीची मशीन, सगळं मोजून झालं. बायको चहाला पाणी तापवायला गेली तर किटलीला मीटर लागलेलं आणि शेजारी नवरा उभा, चेहऱ्यावर नाडी बघणाऱ्या डॉक्टरची काळजी. दुकानात गिऱ्हाईक "हे बरं" म्हणालं तरी याचं लक्ष नसायचं. कारण डोक्यात दुसरीच जोडी चाललेली. दोन गाभ्यांचा, म्हणजे दोन कोअरचा प्रोसेसर बरा की चार? हा स्वस्थ बसला असताना कमी खातो, पण तो काम पटकन उरकून लवकर स्वस्थ बसतो. मग खरा मिताहारी कोण?

मेव्हणा कॉम्प्युटरच्या धंद्यातला. त्याचा सल्ला फोनवर एका वाक्यात यायचा. "भाऊजी, मोठाच घ्या. उद्या गरज पडली तर?"

"उद्या काय गरज पडणार आहे?"

"ते आज कळत नाही, म्हणूनच मोठा घ्यायचा."

चष्मेवाल्याला हे तत्त्वज्ञान मान्य नव्हतं. त्याने शेवटी दोन प्रोसेसर निवडून काढले, स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवले, एक डोळा मिटला आणि बायकोला हाक मारली. "हा बरा की हा?"

"तुम्ही मला चष्मा लावताय की कॉम्प्युटर घेताय?" ती म्हणाली. "महिना संपत आलाय, अहो."

जुन्या पेटाऱ्यात नवा मेंदू बसेना, म्हणून त्या घाईत त्याने सगळ्यात कमी वॅटच्या प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटरच घेतला. एवढासा होता. मीटरला लावला तर मीटरला काही लावलंय हे मीटरला समजायला जरा वेळ गेला. चष्मेवाल्याला गहिवरून आलं. गिरणी अजून चालूच होती. नव्याची परीक्षा बाहेरच्या खोलीत, टेबलावर मांडून झाली. सासऱ्यांचा आवडता जुना सिनेमा लावला. नायक धावत आला, त्याने घोड्यावर टांग टाकली आणि ती टांग हवेतच राहिली. सासऱ्यांनी चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या घोटाला नायक खोगिरावर टेकला, पण तोवर घोडा चौकटीबाहेर निघून गेला होता.

"सिनेमाची तब्येत बरी नाही का?" सासऱ्यांनी विचारलं.

"सिनेमा बरा आहे, बाबा. प्रोसेसर जरा अशक्त आहे."

"खायलाच देत नाही तुम्ही त्याला," सासरे म्हणाले. "दिवसभर मीटर घेऊन मागे असता."

दुकानदाराने तो कुरकुरत का होईना परत घेतला आणि चष्मेवाल्याने जरा वरचा घेतला. यालाही खायला थोडंच लागायचं, पण त्याच चिपमध्ये एक कोपरा फक्त सिनेमे उलगडायला राखून ठेवलेला होता. बाकीचा मेंदू डुलक्या घेत असला तरी तो कोपरा चोख काम करायचा. आणि डोक्यावर पंखा नाही, नुसती उष्णता हवेत सोडणारी ॲल्युमिनियमच्या पात्यांची टोपी. नायक या वेळी वेळेवर घोड्यावर बसला, एवढंच नाही तर घोड्यासकट पळाला. तेव्हा चष्मेवाल्याने टाचणीची ती घोषणा केली.

शनिवारी जेवणं झाली. सासरे आपल्या खोलीत जाऊन झोपले. चष्मेवाल्याने नवा कॉम्प्युटर कपाटात ठेवला, तारा जोडल्या, सगळं नीट चालतंय ना पाहिलं, आणि जुन्याचं बटण दाबलं. गिरणीचे पंखे आधी खालच्या पट्टीत आले, मग आणखी खाली गेले, एकदा खाकरले आणि थांबले.

बायको रजयांच्या खोलीतून बाहेर आली. बोळात उभी राहिली. काहीच नव्हतं. म्हणजे खरोखरच काही नव्हतं.

"मला माझा श्वास ऐकू येतोय," ती हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चष्मेवाल्याने खिशात हात घालून, जगाला उजेड देणाऱ्या माणसाने उभं राहावं तसा उभा राहून, तो क्षण उपभोगायला सुरुवात केली.

तेवढ्यात सासऱ्यांचं दार धाडकन उघडलं. ते बनियनवर होते, एका पायात सपात होती, हातात टॉर्च होती. भर दुपारी.

"इंजिन कोणी बंद केलं?"

"बाबा, आम्हीच केलं. नवं आणलंय. तुम्ही झोपा," लेक म्हणाली.

"झोपा काय? झोपलोच होतो." सासऱ्यांनी टॉर्च विझवली आणि धाप आवरत भिंतीला टेकले. "अगं, जहाजावर माणूस इंजिनाच्या आवाजाने जागा होत नाही. इंजिन थांबलं की होतो. समुद्रात इंजिन थांबणं म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

त्या दिवसापासून सासरे दुपारचे झोपले नाहीत. प्रयत्न प्रामाणिक होता. आडवे व्हायचे, शांतता कानावर यायची आणि ते ताडकन बसायचे. मग सपाता घालून बोळात फेऱ्या. सपातांचा चटक चटक आवाज. मधेच कपाट उघडून नव्या कॉम्प्युटरकडे बघायचे. "चालू आहे ना हा? की गेला?"

बायको रेकॉर्डिंगला बसायची आणि त्या सपाता प्रकरणात यायच्या. सपाता काढायला लावल्या तर दुसरंच काही यायचं. गिरणी होती तोवर तिच्या घरघरीखाली घरातले बाकीचे सगळे आवाज झाकलेले होते. आता झाकण निघालं होतं. फ्रीज उसासे टाकायचा. घड्याळ टकटक करायचं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गुळण्या करायचे आणि अगदी शेवटची गुळणी झाली असं वाटून तिने वाक्य सुरू केलं की आणखी एक करायचे. एकदा नायिका बापाच्या उशाशी बसून निरोप घेत असताना मागून लांब, वळणदार गुरगुर आली. बायको हेडफोन काढून बाहेर आली, तर चष्मेवाला पोटावर हात ठेवून ओशाळून उभा.

"दुकानातून आज जरा उशिरा आलो," तो म्हणाला.

"तुमचं पोट पाठवू का स्टुडिओला?"

चष्मेवाल्याने हार मानली नाही. रोग समजला की चष्मा देता येतो, अशी त्याची श्रद्धा होती. सासऱ्यांना इंजिनाचा आवाज हवा ना? मग आवाज देऊ, इंजिन कशाला? गिरणीची घरघर तर घरातच साठवलेली होती, स्टुडिओने परत केलेल्या त्या तीन प्रकरणांत. दोन वाक्यांच्या मधे बायको जिथे थांबली होती, तिथे तिथे नुसती मधमाशी होती. त्याने तेवढे तुकडे कापले, एकापुढे एक जोडले, शेवट पुन्हा सुरुवातीला बांधला आणि सासऱ्यांच्या खाटेमागे एक स्पीकर ठेवून नव्या कॉम्प्युटरवरून तो आवाज सोडला.

सासरे आडवे झाले आणि चार श्वासांत घोरू लागले. चष्मेवाल्याने बोळात येऊन बायकोला अंगठा दाखवला. ती आत गेली, दार लावलं.

थोड्या वेळाने सासरे बाहेर आले. घराचं पुढचं दार उघडून जिन्यात डोकावले, दार लावून परत जाऊन झोपले. चष्मेवाला टेबलाशी बसून पाहत होता. वाटलं, उठले असतील पाणी प्यायला. पुन्हा थोड्या वेळाने सासरे आले. पुन्हा दार उघडलं, या वेळी जिन्याच्या कठड्यावरून खालीसुद्धा पाहिलं.

"काय झालं, बाबा?"

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"बरं," म्हणाले आणि गेले. पण तिसऱ्यांदा आले, तेव्हा सरळ रजयांच्या खोलीचंच दार उघडून आत गेले. बायको वाचता वाचता थांबली. सासरे तिच्या शेजारी बसले आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बाळा, तुला बरं आहे ना? मघापासून सारखी सांगतेस, दार वाजलं, दार वाजलं. मी जाऊन बघतो, तर कुणी नाही."

"मी? मी कुठे सांगितलं?"

चष्मेवाला ताडकन उठला. तो धावत सासऱ्यांच्या खोलीत गेला आणि स्पीकरला कान लावला. घरघर चालली होती. घरघर, घरघर, आणि मग बायकोचा आवाज, एखाद्याच्या अंगावर काटा यावा इतका सुंदर, कुजबुजता: "आणि तेवढ्यात दार वाजलं." मग पुन्हा घरघर. कापताना एक वाक्य शेपटासारखं चिकटून राहिलं होतं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण बायकोने त्या दुपारचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. भिंतीपलीकडच्या स्पीकरमधली मधमाशी तिच्या नव्या प्रकरणात परत आली होती. आणि नायिका निवांत जेवायला बसलेली असताना मागून कुणीतरी सांगत होतं, दार वाजलं. नायिकेने लक्ष दिलं नाही. ती दोन घास जेवली. पुन्हा दार वाजलं.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हेडफोन काढून नीट गुंडाळले. "तुमच्या त्या टोपीवाल्याला सांगा, गप्प बस म्हणावं."

"तो गप्पच आहे गं. घरात तोच एक गप्प आहे."

"मग तुम्ही त्याच्याकडून शिका थोडं."

संध्याकाळी स्टुडिओच्या बाईंचा फोन आला. शुक्रवारपर्यंत वाट बघते म्हणाल्या. फोन झाल्यावर बायको कितीतरी वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होती. चष्मेवाला तिच्या शेजारी जाऊन बसला.

"इतकी वर्षं लोकांना सांगितलं, दार उघडत आहे, दार बंद होत आहे," ती म्हणाली. "एकदा तरी दाराच्या आत काय चाललंय, ते सांगायचं होतं मला."

चष्मेवाल्याला वाटलं, गिरणी परत आणून बसवावी. पण मग मधमाशी आली. गिरणी नाही, तर सासरे जागे. सासरे जागे, तर सपाता. त्याने दुसऱ्या दिवशी शेवटचा उपाय केला आणि सासऱ्यांना दुपारी दुकानात नेलं. तिथे गर्दी होती, रस्त्याचा आवाज होता, लागली तर झोपही लागेल. झोप लागली नाही. एक बाई जवळचं अंधुक दिसतं म्हणून आल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांची सविस्तर विचारपूस केली आणि "तुम्हाला चष्म्याची नाही, स्वयंपाकघरात मोठ्या दिव्याची गरज आहे," असं सांगून चष्मेवाला आतून भिंगं घेऊन येईपर्यंत त्यांना वाटेला लावलं. बाई जाताना आभार मानून गेल्या. अशा आणखी दोन दुपारी गेल्या असत्या तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी बायकोनेच निकाल लावला. जेवण झाल्यावर ती सासऱ्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "बाबा, आत चला माझ्याबरोबर. नाहीतरी तुम्ही जागे. बोळात फिरण्यापेक्षा माझ्यासमोर बसा. फक्त एक अक्षर बोलायचं नाही."

"मी कशाला बोलतोय?" सासरे म्हणाले.

ते रजयांच्या ढिगावर मांडी घालून बसले. चष्मेवाल्याने फ्रीज बंद केला, घड्याळ टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या कपाटात कोंबलं, वर जाऊन गुळण्यावाल्या गृहस्थांना हात जोडून आला. मग पोटभर खाऊन, पोटावर उशी बांधून बोळात स्टुलावर बसला. दाराआडून आवाज येत होता.

बायको वाचत होती, पण रोजच्यासारखं नाही. रोज ती एकेक शब्द काचेच्या कपाटातून काढल्यासारखा काढायची. आज समोर बाप होता, आणि तिच्या लहानपणी तो महिनोन्महिने समुद्रावर असायचा तेव्हा साठवून ठेवलेल्या गोष्टी तो आल्यावर सांगायची, तशी ती सांगत होती. पान उलटत होतं, पण वाचते आहे असं वाटतच नव्हतं. वादळ आलं. बेटाकडे एक गलबत येत होतं. वारा फिरला आणि शीड मधोमध टर्रकन फाटलं.

"असं फाटत नाही," सासरे म्हणाले.

बाहेर चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले.

"बाबा."

"मधोमध कसं फाटेल? कडेला शिवणीत आधी जाईल. हे चुकीचं लिहिलंय."

"लेखकाने लिहिलंय, बाबा."

"लेखक कधी गलबतावर गेला होता का?"

आता ती चिडणार, असं चष्मेवाल्याला वाटलं. पण दाराआडून हसण्याचा आवाज आला. "मग कसं फाटतं? सांगा," ती म्हणाली.

आणि सासऱ्यांनी सांगितलं. नोकरीला लागण्याआधी, पोरवयात, काकाच्या लहान गलबतावर ते गेले होते तेव्हाची गोष्ट. आधी शिवण कशी कुरकुरते. तो आवाज ऐकला की काका कसा बोलणं थांबवायचा. मग एकच टाका तुटतो, आणि तो तुटल्याचं फक्त दोर धरलेल्या माणसाला हातात कळतं. त्या दिवशी दोर त्यांच्या हातात होता. लेकीने हे कधी ऐकलं नव्हतं. चष्मेवाल्याने तर नव्हतंच. सांगून झाल्यावर बायकोने पान मागे उलटलं, आणि वादळ पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शब्द लेखकाचेच होते, पण या वेळी शीड फाटलं तेव्हा स्टुलावर बसलेल्या चष्मेवाल्याने नकळत स्टुलाची कड घट्ट धरली.

शुक्रवारपर्यंत रोज असंच चाललं. सासरे रोज वेळेआधी रजयांवर जाऊन बसायचे. बोलायचे एखाद-दोनदाच, आणि बोलले की बायको तेवढं वाक्य परत घ्यायची. तेवढ्यात झालेली प्रकरणं घाईघाईने पाठवली आणि सगळे फोनची वाट बघत बसले.

बाईंचा फोन सोमवारी आला. बायकोने तो स्पीकरवर ठेवला.

"मधमाशी गेली," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही काय केलंत, माहीत नाही, पण या वेळी तुम्ही वाचत नव्हता. कुणाला तरी सांगत होता. पुस्तक तुमचंच. पहिली तीन प्रकरणंसुद्धा अशीच पुन्हा करून द्या."

चष्मेवाला "प्रोसेसरला पंखा नसल्यामुळे," असं काहीतरी म्हणणार होता, पण बाई पुढे बोलत होत्या.

"एक मात्र आहे. वादळाच्या प्रकरणात मधेच एक वयस्कर गृहस्थ बोलायला लागतात. बराच वेळ बोलतात."

बायकोचा चेहरा उतरला. "अरे देवा, ते कापायचं राहिलं. मी लगेच..."

"मी कापलं. पण कापण्याआधी तीनदा ऐकलं आणि ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून ऐकवलं. कोण आहेत ते? माझ्याकडे समुद्रप्रवासाचं एक मोठं पुस्तक पडून आहे. वाचायला तसा आवाजच मिळत नव्हता."

सासरे तेव्हा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, फक्त म्हणाले, "पुस्तकात चुका असतील तर मी तशा वाचणार नाही, हे आधी सांगून ठेवा त्यांना."

आता सकाळी सासरे वाचतात आणि लेक समोर रजयांवर बसते. दुपारी ते थकून झोपतात, आणि लाकडासारखे झोपतात. इंजिनाचं काय, म्हणून चष्मेवाल्याने एकदा विचारलं, तर म्हणाले, "ड्युटी झालेल्या माणसाला कुठल्याही आवाजात झोप लागते. बिनड्युटीचाच माणूस आवाज शोधत बसतो." त्या वेळात लेक आपलं वाचते. संध्याकाळी पुन्हा सासरे बसतात. म्हणजे घरात आता आवाज करायला मोकळा असा वेळच उरलेला नाही. चष्मेवाला जिन्यातच बूट काढून हातात घेऊन वर येतो. बायकोशी खाणाखुणांनी बोलतो. कुरकुरीत काही खायचं असलं तर दुकानात खाऊन येतो.

परवा मेव्हण्याचा फोन आला. चष्मेवाल्याने पहिल्याच थरथरीला तो उचलला आणि तोंडाशी हात धरला.

"भाऊजी, नवा प्रोसेसर कसा आहे? काही तक्रार?"

"नाही," चष्मेवाला कुजबुजला. "अगदी गप्प असतो."

"काय? मोठ्याने बोला की."

आतून सासऱ्यांचा आवाज येत होता. जहाज बंदर सोडत होतं. चष्मेवाल्याच्या नाकात हुळहुळायला लागलं. त्याने नाक चिमटीत धरलं, फोन छातीशी दाबला, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि अनवाणी तीन जिने उतरून रस्त्यावर आला. पानाच्या टपरीच्या आडोशाला उभा राहून आधी मनसोक्त शिंकला, एकदा, दोनदा, आणि हातासरशी तिसऱ्यांदा.

मग त्याने फोन कानाला लावला आणि म्हणाला, "हं, आता बोल."